शिरोरेषेचे कंपन

संगणकाच्या पडद्यावर स्थिर असणारी देवनागरी अक्षरे दूरचित्रवाणीच्या जुन्या नळीच्या संचावर थरथरत, तेव्हा दोष लिपीच्या माथी मारण्याचा मोह होई. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

१९८१ च्या आयबीएम संगणकाची सीजीए पद्धती सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा काढी. हा वेग अमेरिकी दूरचित्रवाणीशी जुळणारा होता. १९८७ च्या व्हीजीए पद्धतीने तो दुप्पट केला आणि दोहोंची फारकत झाली. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने. तीत ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा, सम व विषम रेषांच्या दोन अर्धचित्रांत रेखाटले जाई.

संकेत सरळ जोडल्यास चित्र फाटे. हे रेषावेगाच्या विसंगतीचे लक्षण होय. परिवर्तक यंत्र चित्र स्मृतीत साठवून नव्या वेगाने बाहेर देई. तरीही एका रेषेइतकी बारीक शिरोरेषा एकाच अर्धचित्रात पडे व सेकंदाला २५ वेळाच उजळे. रोमन अक्षरांतील आडव्या रेषा तुटक. देवनागरीत ती शब्दभर अखंड, म्हणून कंपन अधिक जाणवे.

शेजारच्या रेषांची सरासरी काढणाऱ्या गाळणीने कंपन शमे, पण बारीक अनुस्वार पुसट होई; मग 'मंद' आणि 'मद' यांतील भेद धोक्यात येई. त्यापेक्षा शिरोरेषा दोन रेषांइतकी जाड करणे श्रेयस्कर. ती दोन्ही अर्धचित्रांत पडते. तात्पर्य, लिपीला दोष देण्यापूर्वी यंत्राची रेषागणना तपासणे अगत्याचे आहे.