हिमालयातील उलटी उतरंड

जमिनीत खोल जावे तशी उष्णता वाढते. म्हणून अधिक तापलेला रूपांतरित खडक खाली असावा. कुमाऊँच्या उंच हिमालयात मात्र चढत जाताना आधी गार्नेट, मग कायनाइट, त्याहून वर सिलिमनाइट भेटते. १९३६ मध्ये तेथे फिरलेल्या हाइम आणि गान्सर या स्विस भूवैज्ञानिकांनी या खडकांच्या तळाशी ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ हा महाभ्रंश दाखवला. तप्त शिळा थंड शिळांवर सरकल्या; मधला जाड पट्टा कणकेसारखा मळला गेला, आणि तापमानाचे स्तरही त्यासोबत ताणले, मुडपले गेले.

पण सीमा नेमकी कोठे? लखनौ विद्यापीठात घडलेल्या खड्गसिंह वल्दिया यांनी कुमाऊँ पायी पिंजून काढून १९८० च्या ग्रंथात दोन भ्रंश मांडले: खाली मुनस्यारी, वर वैकृता. (‘वैकृत’ म्हणजे पालटलेले, नाव अगदी चपखल!) खरी सीमा त्यांनी वैकृता मानली. अनेकांना ती मुनस्यारीच वाटते. वाद अद्याप मिटलेला नाही.