मारहाणीचा कायदा : चाळीसगावच्या चावडीपासून कोर्टापर्यंत

मराठी अंमलात खानदेशातल्या गावांत शिवीगाळ आणि मारामारीचा निवाडा पाटलापुढे होई. मोठे प्रकरण कमाविसदाराकडे, म्हणजे सरकारी महसूल अधिकाऱ्याकडे, जाई. कलमवार दंडसंहिता नव्हती. गुन्ह्याबद्दल घेतल्या जाणाऱ्या दंडालाच ‘गुन्हेगारी’ म्हणत आणि त्याची रक्कम माणसाची ऐपत पाहून ठरे.

१८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे मुंबई इलाख्याचे १८२७ चे चौदावे रेग्युलेशन इथेही लागू झाले आणि गुन्हे व शिक्षा छापील स्वरूपात आल्या. १ जानेवारी १८६२ पासून त्याची जागा भारतीय दंडसंहितेने घेतली.

या संहितेने बोलीतल्या एकाच ‘मारहाण’ शब्दाचे अनेक तुकडे केले. अंगाला हात लागण्यापूर्वीच, उगारलेल्या मुठीने समोरच्याला आता मार बसणार असे वाटले, की तो कलम ३५१ चा ‘हमला’. नुसते शब्द मात्र हमला नव्हेत. प्रत्यक्ष वेदना झाली की ‘दुखापत’. तिला कलम ३२३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाड मोडले, दात पडला, किंवा वीस दिवस नेहमीचे काम करता आले नाही, तर ‘जबर दुखापत’ आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वीस दिवसांची कसोटी फार मोलाची होती, कारण ऐन हंगामात तेवढे दिवस खाटेवर पडणे म्हणजे पेरणी हुकणे. सार्वजनिक जागी दोघे किंवा अधिक जण भांडून शांतता मोडू लागले, तर ‘दंगल’. बेकायदेशीर जमावाला मात्र किमान पाच माणसे लागत.

तरीही चावडी लगेच सुटली नाही. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने किरकोळ मारहाण आणि शिवीगाळीत चावडीत चोवीस तास डांबण्याचा अधिकार पोलीस पाटलाला देता येई. बांध कोरण्यावरून झालेल्या झोंबाझोंबीसाठी तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत, ही सोय खरोखर शहाणपणाची होती. पण निवाडा करणाराच गावातल्या वतनदारांपैकी असे, हा तिचा मोठा दोष. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्याने जुना कायदा गेला. मधल्या काळात, १९०६ मध्ये, खानदेश विभागून चाळीसगाव तालुका पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आला होता.

रस्त्यावरच्या बेशिस्तीसाठी राज्याने स्वतःचे कायदे केले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे कलम ८५ दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्यासाठी आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, सार्वजनिक असभ्य वर्तन कलम ११० मध्ये येते, तर शांतता भंगावी म्हणून केलेली शिवीगाळ कलम ११२ मध्ये.

साधी दुखापत अदखलपात्र असल्याने ‘मुका मार’ लागलेल्याला ठाण्यात बहुधा ‘एन.सी.’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, मिळते; मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. भांडण पुन्हा उफाळेल असे दिसले, तर ‘चॅप्टर केस’ होऊन दोन्ही बाजूंकडून शांततेचे बंधपत्र घेतले जाते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३२३ चे ११५(२) झाले आणि दंडाची मर्यादा दहा हजारांवर गेली. ‘हमला’ कलम १३० मध्ये, तर ‘दंगल’ १९४ मध्ये आली. जबर दुखापतीचे वीस दिवस आता पंधरा झाले आहेत.