शकुंतला रेल्वेची इंजिने व त्यांचे जतन

शकुंतला रेल्वे हे विदर्भातील यवतमाळ–मुर्तिजापूर–अचलपूर या अरुंदमापी (नॅरोगेज) लोहमार्गाचे व त्यावरून धावणाऱ्या गाडीचे लोकप्रचलित नाव होय. कापसाच्या वाहतुकीसाठी ब्रिटिश काळात एका खासगी कंपनीने हा मार्ग उभारला. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून येथे सेवेत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रवासी वाहतूक थांबल्यानंतर या मार्गाचे व त्यावरील यंत्रसामग्रीचे भवितव्य हा विदर्भात चर्चेचा विषय झाला. प्रस्तुत लेखात या मार्गावरील इंजिने, जुने इंजिन पुन्हा चालू स्थितीत आणण्याची पद्धत आणि अरुंदमापी इंजिनांच्या जतनापुढील अडचणी यांची माहिती दिली आहे.

मार्ग व पार्श्वभूमी

यवतमाळ ते मुर्तिजापूर हे अंतर सुमारे ११३ किमी आणि मुर्तिजापूर ते अचलपूर हे सुमारे ७६ किमी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा, वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड), अकोला जिल्ह्यातील मुर्तिजापूर आणि अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर, अंजनगाव सुर्जी व अचलपूर ही या मार्गावरील प्रमुख ठिकाणे होत. दोन रुळांमधील अंतर ७६२ मिमी (अडीच फूट) असून भारतातील रुंदमापी (ब्रॉडगेज) मार्गाचे माप १,६७६ मिमी आहे.

किलिक, निक्सन आणि कंपनी या १८५७ साली स्थापन झालेल्या व्यापारी संस्थेने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीमार्फत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत हा मार्ग बांधला. वऱ्हाडातील कापूस मुर्तिजापूरपर्यंत आणावा, तेथे तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या रुंदमापी गाडीत चढवावा आणि मुंबई बंदरातून इंग्लंडला पाठवावा, अशी व्यवस्था होती. रुळांचे माप बदलत असल्याने मुर्तिजापूर येथे प्रत्येक गठाण एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. अरुंद मापाने बांधकामाचा खर्च वाचला, परंतु ही उतरंड-चढण कायमची मागे लागली.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक खासगी लोहमार्ग शासनाच्या मालकीचे झाले. या मार्गाची मालकी मात्र कंपनीकडे राहिली आणि गाड्या चालविण्याचे काम करारानुसार मध्य रेल्वेने केले. मालकी एकाकडे व वहिवाट दुसऱ्याकडे या व्यवस्थेचा उल्लेख मार्गाच्या दुरवस्थेच्या चर्चेत वारंवार होतो.

वाफेचे इंजिन (१९२३–१९९४)

भारतीय रेल्वेच्या वर्गीकरणात ‘झेड’ हे अक्षर ७६२ मिमी मापाच्या इंजिनांसाठी वापरतात. शकुंतलेचे वाफेचे इंजिन ‘झेडडी’ वर्गातील होते. ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडचा कापूस जात असे, त्याच शहरात हे इंजिन तयार झाले होते.

वाफेच्या इंजिनाला सेवेस निघण्यापूर्वी काही तासांची तयारी लागते. आदल्या फेरीची राख काढणे, भट्टी पेटविणे, बॉयलरमधील पाणी हळूहळू तापविणे आणि सांध्यांना तेल देणे ही कामे शेडमधील कामगारांना रोज करावी लागत. वाटेत ठरावीक ठिकाणी पाणी भरावे लागे. असे इंजिन ७० वर्षांहून अधिक काळ चालते राहिले, याचे श्रेय मूळ बांधणीइतकेच शेडमधील फिटर, लोहार व खलाशी यांच्या हातांनाही द्यावे लागते.

डिझेल इंजिनांचे आगमन

भारतात डिझेल इंजिनांचा पहिला भरीव वापर गाड्या ओढण्यासाठी नव्हे, तर शंटिंगसाठी, म्हणजे यार्डात डबे व वाघिणी जोडण्या-सोडविण्यासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधलेली १५ शंटिंग इंजिने भारतात आली. पुढे ती ‘डब्ल्यूडीएस-१’ या वर्गनामाने ओळखली गेली. वाफेचे इंजिन उभे असतानाही कोळसा जाळते. शंटिंगमध्ये बराच वेळ थांबण्यात जात असल्याने, हवे तेव्हा बंद व चालू करता येणारे डिझेल इंजिन तेथे प्रथम किफायतशीर ठरले.

अरुंदमापी मार्गांसाठी डिझेल इंजिने आधी जर्मनीतून आली. १९७० च्या दशकापासून चित्तरंजन येथील कारखान्यात ‘झेडडीएम’ वर्गाची इंजिने तयार होऊ लागली. या नावातील ‘झेड’ रुळांचे माप, ‘डी’ डिझेल आणि ‘एम’ प्रवासी व माल अशी मिश्र वाहतूक दर्शवितो. त्यांपैकी ७०० अश्वशक्तीचे ‘झेडडीएम-३’ आणि रुंदमापी ‘डब्ल्यूडीएस-४’ हे शंटिंग इंजिन यांची यंत्ररचना जवळच्या नात्याची आहे. दोन्हींत जर्मन बनावटीच्या आराखड्याचे डिझेल यंत्र आणि मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी द्रवचलित शक्तिप्रेषण यंत्रणा वापरली गेली. अशा यंत्रणेत डिझेल यंत्राची शक्ती तेलाच्या प्रवाहामार्फत फिरत्या दांड्यांकडे व तेथून चाकांकडे पोहोचते. विद्युत जनित्र व मोटारी यांची गरज नसल्याने अरुंद व हलक्या इंजिनाला ही पद्धत सोयीची पडते.

१९९४ मध्ये शकुंतलेवर डिझेल आले, तरी गाडीची चाल फारशी बदलली नाही. रूळ, स्लीपर व पूल जुनेच होते आणि वेगाची मर्यादा इंजिनापेक्षा मार्गावर अवलंबून होती. कर्मचारी इतके थोडे होते, की तिकिटे देणे, फाटक लावणे व उघडणे, इंजिन सोडविणे व जोडणे ही कामे गाडीसोबतची माणसेच करीत. बसभाडे न परवडणाऱ्या मजुरांना व शेतकऱ्यांना या गाडीचा आधार होता.

वाहतूक बंद होणे

मार्गाची स्थिती प्रवासी वाहतुकीस सुरक्षित न राहिल्याने टप्प्याटप्प्याने गाड्या बंद झाल्या. त्यानंतर मार्गाचे रुंदमापीत रूपांतर करावे, अशी मागणी सातत्याने होत राहिली व त्यासाठी नागरिकांनी आंदोलनेही केली. दरम्यान वर्धा–यवतमाळ–पुसद–नांदेड या नव्या रुंदमापी मार्गाचे काम सुरू झाले. त्यातील वर्धा–कळंब टप्प्याचे उद्‌घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले.

इंजिन चालू स्थितीत आणण्याची प्रक्रिया

इंजिनाचे जतन दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात ते रंगवून चौथऱ्यावर ठेवतात. दुसऱ्या प्रकारात ते स्वतःच्या शक्तीने पुन्हा चालेल असे केले जाते. दुसऱ्या प्रकारात पुढील टप्पे येतात.

पाहणी व नोंद. कोणताही भाग सोडविण्यापूर्वी इंजिनाची छायाचित्रे, क्रमांकाच्या पट्ट्या, भागांवर ठोकलेले आकडे आणि शेडमधील नोंदवह्या एकत्र केल्या जातात. कोणता भाग मूळ व कोणता नंतर बसविलेला, हे याच टप्प्यावर ठरते. तांब्या-पितळेचे भाग प्रथम नाहीसे होतात, म्हणून उरलेल्या भागांची यादी करून ते कुलपात ठेवणे आवश्यक असते.

वाफेच्या इंजिनाचा बॉयलर. पत्र्याची जाडी जागोजागी मोजतात, नळ्या काढून नव्या बसवितात आणि भट्टीच्या पत्र्यांना धरून ठेवणारे खिळे तपासतात. त्यानंतर बॉयलर पाण्याने पूर्ण भरून नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब देतात. पाणी दाबाखाली फारसे आकुंचन पावत नाही, त्यामुळे पत्रा फुटला तरी स्फोट होत नाही, केवळ गळती दिसते. ही चाचणी उतरल्यावरच वाफेची चाचणी घेतात. जुन्या इंजिनांच्या उष्णतारोधक आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याने ते विशेष काळजीने काढावे लागते.

डिझेल यंत्र. अनेक वर्षे उभे राहिलेले डिझेल यंत्र थेट सुरू करणे धोक्याचे असते. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास दट्ट्या वर जाताना ते दाबले जात नाही आणि जोडदांडा वाकतो. म्हणून प्रथम यंत्र हाताने हळू फिरवून पाहतात. तेलाचा नमुना दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचे कळते, तर धातूचे बारीक कण बेअरिंगची झीज दाखवितात. इंधनटाकीच्या तळाशी साचलेले पाणी व गाळ काढून इंधनपंप आणि फवारे स्वतंत्रपणे तपासतात. इंधनपंपाचा नियंत्रक दांडा गंजून अडकला असल्यास यंत्राचा वेग आवरेनासा होतो. त्यामुळे पहिल्यांदा सुरू करताना इंधन किंवा हवा तात्काळ तोडण्याची व्यवस्था हाताशी ठेवतात.

शक्तिप्रेषण, चाके व ब्रेक. द्रवचलित यंत्रणेतील रबरी सील व नळ्या वयानुसार कडक होतात, त्या सर्व बदलाव्या लागतात. चाकांच्या धावांची झीज मोजून गरज असल्यास त्या लेथवर घासून घेतात. भारतातील अरुंदमापी गाड्यांवर प्रामुख्याने निर्वात ब्रेक वापरात होते. नळीतील हवा काढून निर्वात राखल्यावर ब्रेक सुटतात आणि हवा आत येताच ते लागतात. एखादी नळी चिरली तरी गाडी आपोआप थांबते, हा त्याचा गुण होय. परंतु जुन्या रबरी नळ्यांतून हवा झिरपत राहिल्यास ब्रेक पूर्ण सुटतच नाहीत.

चाचणी. प्रथम जागेवर, नंतर यार्डात रिकामे आणि शेवटी डब्यांसह, अशा क्रमाने इंजिन चालवून पाहतात. प्रत्येक फेरीनंतर बेअरिंगचे तापमान व गळती यांची नोंद घेतली जाते.

अन्य ठिकाणची उदाहरणे

शकुंतलेच्याच ७६२ मिमी मापाच्या कालका–शिमला मार्गाचा २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील १९०५ सालचे ‘केसी ५२०’ हे वाफेचे इंजिन दुरुस्त करून विशेष फेऱ्यांसाठी वापरात आणले गेले. नियमित गाड्या डिझेलवर चालत राहिल्याने मार्ग, शेड व माहीतगार कामगार उपलब्ध होते, हे तेथील यशाचे एक कारण होय. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ हे रुंदमापी इंजिनही दीर्घ काळ संग्रहालयात राहिल्यानंतर १९९७ मध्ये पुन्हा धावले.

महाराष्ट्रात १९०७ साली सुरू झालेला नेरळ–माथेरान मार्ग (माप ६१० मिमी) आजही वारसामार्ग म्हणून परिचित आहे. तेथे १९५० च्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीची छोटी डिझेल इंजिने आली. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय असून विदर्भ व सातपुडा परिसरातील अरुंदमापी रेल्वेची ओळख तेथे होते.

युद्धकालीन डिझेल शंटिंग इंजिनांच्या जतनाचे उल्लेखनीय उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेचे १९३५ साली बांधलेले ७०६९ क्रमांकाचे इंजिन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याबरोबर फ्रान्सला गेले आणि १९४० च्या माघारीत तेथेच राहिले. १९८७ मध्ये ते मायदेशी आणण्यात आले व रेल्वेप्रेमी स्वयंसेवकांनी त्याच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले.

जतनापुढील प्रश्न

शकुंतलेच्या बाबतीत वाहतूक आणि वारसा या दोन गरजा परस्परांना छेद देतात. मार्ग रुंदमापी झाल्यास या भागाला आधुनिक रेल्वेसेवा मिळेल. मात्र ७६२ मिमी मापाचे इंजिन त्या रुळांवर एक पाऊलही टाकू शकणार नाही. दुसरीकडे, गाडी नसलेला अरुंदमापी मार्ग केवळ वारसा म्हणून राखल्यास दळणवळणाची गैरसोय कायम राहील. जाणकार सुचवितात तो एक मध्यम पर्याय असा, की एखाद्या स्थानकाजवळचा छोटा अरुंदमापी तुकडा, शेड व इंजिन एकत्र राखावे आणि उर्वरित मार्गाचा विकास करावा.

इंजिन म्हणजे केवळ धातूचे यंत्र नव्हे. त्याच्या मापाचे रूळ, त्याला उचलणारी यारी, सुटे भाग घडविणारा कारखाना आणि आवाजावरून दोष ओळखणारा कामगार यांच्यासह ते पूर्ण होते. यांपैकी सर्वांत लवकर नाहीसा होतो तो शेवटचा घटक. वाफेची सेवा १९९४ मध्ये संपल्याने त्या काळी ऐन उमेदीत असलेले चालक, फायरमन व फिटर आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या आठवणी, कामाच्या पद्धती आणि शेडमधील बोलीतील शब्द यांची नोंद करणे हे इंजिनाच्या दुरुस्तीइतकेच निकडीचे, पण फारच कमी खर्चाचे काम आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी व स्थानिक इतिहासाचे अभ्यासक ते हाती घेऊ शकतात.

हेही पाहा

- नेरळ–माथेरान रेल्वे
- कालका–शिमला रेल्वे
- बार्शी लाइट रेल्वे
- ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे
- वर्धा–नांदेड लोहमार्ग