भेदऱ्याचा खातेउतारा

आमच्या मूर्तिजापुरात टोमॅटोची तीन नावं चालतात. बँकेच्या कर्ज-अर्जावर तो टोमॅटो असतो, भाजीबाजारात टमाटर होतो आणि खेड्यावरून पाटी घेऊन आलेल्या आजीबाईंच्या तोंडी भेदरं. माझ्या सासुरवाडीकडे त्याला वेलवांगी म्हणतात. शहरातली मंडळी या नावाला हसतात. पण हसण्यापूर्वी जरा थांबावं. १७५३ साली लिनियसने टोमॅटो वांग्याच्याच वर्गात जमा केला होता. लगेच पुढच्या वर्षी फिलिप मिलर नावाच्या इंग्रज बागवानाने त्याला तिथून काढून स्वतंत्र खातं उघडून दिलं. दोनशेहून अधिक वर्षं ते खातं चाललं. मग शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली आणि टोमॅटो पुन्हा वांग्याच्या खात्यात वर्ग केला. म्हणजे आमच्या सासूबाई पहिल्यापासून बरोबर होत्या. (हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.)

मूळचा हा गृहस्थ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगराकडचा. मेक्सिकोत त्याची मशागत झाली, तिथल्या 'तोमात्ल' या शब्दावरून नाव पडलं आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश गलबतांतून तो युरोपात उतरला. तिथे पुष्कळ जण त्याला विषारी समजून दुरूनच नमस्कार करीत. आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी आणला, असं मानतात.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो अमेरिकेतला खटला. तिथे १८८३ च्या कायद्याने आयात भाजीवर जकात होती, फळांना माफी होती. न्यूयॉर्कचे निक्स नावाचे व्यापारी म्हणाले, टोमॅटो हे फळ आहे, आमचे पैसे परत करा. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १८९३ मध्ये न्यायमूर्तींनी निकाल दिला, की वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही. सबब ती भाजी. नोंद कोणत्या सदरात टाकायची यावर आमच्याकडेही वाद होतात, पण ते चहा येईपर्यंतच टिकतात.

आज जगात वर्षाला अठरा-एकोणीस कोटी टनांच्या आसपास टोमॅटो पिकतो. चीन पहिला, आपण दुसरे. आपला वाटा दोन कोटी टनांच्या घरात. चीनमध्ये शिनजियांगकडचा पुष्कळसा माल कारखान्यात शिजून डब्यात जाऊन बसतो. आपल्याकडे डब्यात फारच थोडा जातो. बाकीचा सगळा 'आज विका, नाहीतर उद्या फेका' या तत्त्वावर.

त्यामुळे २०२३ साली जे झालं ते झालं. मे महिन्यात नाशिककडे शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतला. जुलैत त्याच टोमॅटोने शहरांतून किलोला दीडशे रुपये ओलांडले, आणि सरकारला स्वस्त टोमॅटोच्या गाड्या उभ्या कराव्या लागल्या. नारायणगावकडचे काही शेतकरी कोट्यधीश झाल्याच्या बातम्या छापून आल्या. आमच्या शाखेत त्या बातम्यांची कात्रणं घेऊन माणसं येऊ लागली.

बी. कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, की यंदाचा भाव बघून सगळे पेरतात, मग पुढल्या वर्षी माल भरमसाट येतो आणि भाव पडतो; भाव पडला की कोणी पेरत नाही, मग पुन्हा चढतो. कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त म्हणतात त्याला. मला त्यात बरे मार्क होते. वऱ्हाडाला मात्र तो पुस्तकाच्या आधीच ठाऊक होता. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली आला.

हे सगळं मी कात्रण घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला काउंटरवरून सांगितलं. चार एकर रान, त्यातलं एक एकर टोमॅटोला द्यायचं म्हणत होता. मुलगी अमरावतीला नर्सिंगला, तिची फी भरायची. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, कापूस घरात भरून ठेवता येते. भाव आला का काढा. भेदरं कुठी ठेवू?"

मुद्दा बिनतोड होता. गोदामातल्या तुरीवर तारण कर्ज मिळतं. टोमॅटोवर देईल अशी बँक माझ्या ऐकिवात नाही. तारण चार दिवसांत गळून जातं.

त्याने अर्धा एकरच लावला. तोडणी सुरू झाली तेव्हा कॅरेटमागे गाडीभाडं आणि हमाली जाऊन जे उरलं, ते त्याने हिशेब करून मला दाखवलं. तोटा नव्हता, फी-पुरते पैसेही नव्हते. बाकीची रक्कम सोनंतारण करून उचलली. बायकोच्या पाटल्या होत्या. तोलताना आमचा सराफही काही बोलला नाही.

पावती खिशात घालून तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, कांद्याचं काय म्हन्ते तुमचं पुस्तक?"