पेन्सिलीपासून पिक्सेलपर्यंत : नागपूरच्या स्टुडिओंतील 'टचिंग'चा इतिहास

फोटोशॉप उघडा आणि अवजारपट्टीतील 'डॉज' व 'बर्न' यांची चित्रे नीट पाहा. एक आहे काडीवर बसवलेली गोल चकती. दुसरे, बोटांची कडी करून धरलेला हात. संगणकाच्या आज्ञावलीत ही चित्रे आली कोठून? आजचा धागा या प्रश्नावर आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याला सीताबर्डी-महालातल्या स्टुडिओंच्या अंधाऱ्या खोल्यांत घेऊन जाते.

डार्करूममध्ये एन्लार्जरचा प्रकाश निगेटिव्हमधून कागदावर पडतो. तो जेथे अधिक पडेल तेथे छायाचित्र काळे होते. चेहरा काळवंडू नये म्हणून कारागीर तारेच्या टोकावरची पुठ्ठ्याची चकती काही क्षण मध्ये धरून हलवत राही, हा डॉज. आकाश फिके पडत असेल तर हाताच्या पोकळीतून तेवढ्याच भागावर जादा प्रकाश सोडी, हा बर्न. 'अनशार्प मास्क' हे चमत्कारिक नावही तेथलेच. मूळ निगेटिव्हवर तिचीच जराशी अस्पष्ट उलटी प्रत ठेवून छापले की कडा उठून दिसत.

थॉमस नोल याने १९८७ साली मिशिगन विद्यापीठात संशोधन करत असताना या आज्ञावलीचा पाया घातला, भाऊ जॉन याने तिला हातभार लावला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने तिची पहिली आवृत्ती विक्रीस आणली. नोल बंधूंच्या वडिलांची घराच्या तळघरात स्वतःची डार्करूम होती. अवजारांची नावे व चित्रे मुलांनी त्या परंपरेतून उचलली, यात नवल नाही.

आता नागपूरकडे वळू. कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी रसायनाचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअस असावे, असे पुस्तके सांगत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकणाऱ्या या शहरात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी तापलेले असते. द्रावण गरम झाले की फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून सुरकुततो. उपाय दोनच : ट्रेखाली बर्फ आणि रात्रीचे काम. त्यातच वैशाखातली लग्नसराई, म्हणजे सर्वाधिक काम सर्वाधिक उन्हाळ्यात!

छपाईच्याही आधी येई ते टचिंग. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे झालेले असते. डोळ्यांखालची सावली तिथे पारदर्शक दिसते. त्या जागेवर विशेष वार्निशचा हात फिरवून टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा भरल्या की छापलेल्या फोटोत सावली उजळते. काही गडद करायचे असेल तर पात्याने अलगद खरवडायचे. सगळे उलटे पाहून सुलटे कल्पायचे, आणि चूक झाली तर मागे फिरणे नाही. ही विद्या वर्षानुवर्षे उस्तादाच्या शेजारी बसूनच येई.

हे काम केवळ सौंदर्यासाठी नव्हते. ज्या घरात वारलेल्या आजोबांचा एकच फोटो, तोही कोणाच्या लग्नातल्या घोळक्यात, त्या घरचे लोक स्टुडिओत येऊन सांगत : शेजाऱ्याचा खांदा काढा, कोट घाला, भिंतीवर लावण्याजोगा करा. ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातील नागदा गावच्या स्टुडिओंत अशा जोडचित्रांचा अभ्यास केला. त्यावरचे त्याचे 'कॅमेरा इंडिका' हे पुस्तक १९९७ चे. आपल्याकडे फोटो म्हणजे जसे होते तसे नव्हे, तर जसे असायला हवे तसे, ही समजूत संगणकाच्या फार आधीची आहे.

म्हणूनच छोट्या शहरांत फोटोशॉप कॅमेऱ्याच्या मागोमाग आले नाही. ते स्कॅनरबरोबर आले. सोनीचा फ्लॉपीवर फोटो साठवणारा माविका १९९७ सालचा, पण ६४० × ४८० ठिपक्यांचे ते चित्र भिंतीवर लावण्याच्या कामाचे नव्हते. कॅननचा ३००डी (२००३) आणि निकॉनचा डी७० (२००४) हे सहा मेगापिक्सेलचे कॅमेरे आवाक्यात आले तेव्हा चित्र पालटले. तोवर आजोबांचा फोटो स्कॅन करून शेजाऱ्याचा खांदा 'क्लोन स्टॅम्प'ने पुसणे हाच खरा अभ्यासक्रम होता.

आणि शिकवणार कोण? बहुतेकांनी पत्रिका व हँडबिले जुळवणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत, पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या शेजारी बसून हे उचलले. इंग्रजी मेनू वाचण्यापेक्षा कळा पाठ करणे सोपे : कंट्रोल-एम म्हणजे कर्व्हज, कंट्रोल-टी म्हणजे आकार बदलणे, कंट्रोल-अल्ट-डी म्हणजे फेदर. परवच्याच त्या. २००५ च्या आगेमागे विदर्भात भारनियमन असे. 'सेव्ह' करण्याआधी वीज गेली की तासांचे काम पाण्यात. येथेही रात्रच कामी आली.

चुकीची किंमत मात्र उतरली होती. लेयर १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, अनेक पावले मागे नेणारी 'हिस्टरी' १९९८ च्या पाचव्या, आणि डाग पुसून त्वचेचा पोत राखणारा 'हीलिंग ब्रश' २००२ च्या सातव्या आवृत्तीत. पेन्सिलवाल्याची दहा वर्षांची साधना त्या एका ब्रशात आली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण गिऱ्हाइकाला फरक कळेनासा झाला, आणि त्याचे टेबल उठले.

पुढे आला लग्नाचा करिझ्मा अल्बम. सीडीवर विकत मिळणारे तयार नमुने, वधूवरांमागे स्वित्झर्लंडचे डोंगर, हृदयाच्या आकारात कापलेले चेहरे. याला हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यावरचा महाल आणि हे डोंगर एकाच कुळातले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण दुसरीच आहे. १२ × ३६ इंचांचे एक पान ३०० डीपीआयने मांडले तर ३६०० × १०८०० ठिपके होतात. एकच थर धरला तरी ११० एमबीहून अधिक. त्या काळच्या संगणकात २५६ एमबी रॅम, आणि सीडीवर मावणार ७०० एमबी. म्हणून काम संपले की 'फ्लॅटन इमेज', एक जेपीजी, आणि मूळ फाइल पुसून पुढच्या लग्नासाठी जागा. ज्या सीडी उरल्या त्यांतल्या कित्येकींचा रंगथर आता विटला आहे. अल्बममधल्या पानावर मूळ काय होते आणि कारागिराने काय घातले, हे सांगणारा थर उरलेलाच नाही.

पत्र्याच्या डब्यातली १९६० ची निगेटिव्ह मात्र खिडकीशी तिरपी धरून पाहा. डोळ्यांखाली शिशाच्या रेघा अजून चमकतात, मोजताही येतात.