विषाची मात्रा : रिशेचे कुत्रे ते महाडचा विंचू

पोलादपूरच्या आमच्या घरी पेंढ्याला हात घालण्याआधी तो काठीने हलवायचा, ही आजीची शिस्त होती. लाल विंचू लहान मुलाला चावला, तर रात्र निभेल की नाही हे कोणी सांगू शकत नसे. परवा नातवाला धुळीच्या ॲलर्जीसाठी जिभेखाली थेंब सुरू झाले. 'थोडी थोडी सवय लावायची,' असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा हाच विंचू आठवला.

सवय लावण्याची कल्पना जुनी आहे. १९०२ साली फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना देऊन त्यांना विषसह करता येईल का, हे पाहिले. झाले उलटेच. पहिला डोस पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनंतरच्या लहानशा डोसनेच मेले. या प्रतिक्रियेला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. रिशेंना १९१३चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. मात्र १९११ साली लंडनच्या लिओनार्ड नूनने गवताच्या परागांचा अर्क अत्यल्प मात्रेपासून वाढवत नेला आणि रुग्णांचा त्रास कमी झाल्याचे नोंदवले. आजचे उपचार याच वाटेने जातात आणि साधारण तीन ते पाच वर्षे चालतात.

विंचवाचे विष ॲलर्जीने मारत नाही. ते शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणते. हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. वजन कमी असल्याने मुलांना धोका जास्त. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि रात्ररात्र खाटेशी बसून त्यांनी या लक्षणांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली 'लॅन्सेट'ने त्या छापल्या. १९८६ साली रक्तदाबावरचे साधे प्राझोसिन येथे जीव वाचवते, हेही त्यांनी तेथेच मांडले.

पुढे प्रतिविष आले. त्यासाठी घोड्याला वाढत्या मात्रेने विष टोचतात आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे काढून घेतात. म्हणजे सवय घोड्याला लावायची, फळ माणसाने घ्यायचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८.

पण घोड्याची प्रथिने माणसाला परकीच. त्यांचीच तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ॲड्रेनलिनचे इंजेक्शन जवळ ठेवूनच प्रतिविष देतात. गंमत अशी, की विंचूदंशात ही प्रतिक्रिया क्वचितच दिसते. कारण विषानेच रुग्णाच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढवलेले असते.

नातवाचा पहिला थेंब दवाखान्यातच दिला आणि त्याला अर्धा तास तिथेच बसवून ठेवले. तो कंटाळला. मी मात्र कुरकुरलो नाही; त्या अर्ध्या तासामागे रिशेचे कुत्रे आहेत, हे मला ठाऊक होते.