फियाटच्या दाराचे कुलूप

बीडजवळच्या पालीत बिंदुसरा धरणाशेजारून धुळे–सोलापूर महामार्ग जातो. तो दक्षिणेला जिथे पोचतो, त्या सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद जन्मले. मोटार इथेच तयार झाली पाहिजे, या ध्यासातून त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या सहकार्याने गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीची फियाट आली. पालीसारख्या गावात आज कुणी आजोबांची फियाट जपून ठेवली असेल आणि तिचे दार लागत नसेल, तर त्या दाराचा इतिहास कुर्ल्यापासूनच सुरू होतो.

पन्नाशीच्या दशकातली फियाट ११०० लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणूनच ओळखली, ती तिच्या गोलसर नाकाडामुळे. तिची पुढची दारे उलटी उघडत. चारही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला, म्हणजे पुढच्या दाराचे कुलूप समोरच्या बाजूला. बसायला-उतरायला, विशेषतः लुगडे नेसलेल्या बायकांना, ही सोय मोठी. पण चालत्या गाडीत कॅच निसटला, तर वारा दार ओढून सताड उघडणार. म्हणून या गाडीच्या कुलपाची दुरुस्ती हा आधी जिवाचा प्रश्न होता, चोरीची भीती नंतर.

कुलूप बिघडते कसे? दाराचे पुठ्ठे काढले की सारे दिसते. काचेच्या फटीतून झिरपलेले पावसाचे पाणी खाली साठते, स्प्रिंग गंजते, जुने ग्रीस धुळीत कालवून घट्ट होते. चावीच्या नळकांड्यात पितळेच्या पातळ पत्र्या असतात. योग्य चावी गेली की त्या एका रेषेत येतात आणि नळकांडे फिरते. वर्षानुवर्षांच्या वापराने पत्र्या झिजतात, चावीही झिजते. जाणता मिस्त्री तिथे तेल ओतत नाही, कारण तेलावर धूळ बसते. तो पेन्सिलच्या शिशाची पूड वापरतो. झिजलेल्या पत्र्या बदलायच्या किंवा कानशीने घासून नव्या चावीशी जुळवायच्या, हे बसून करायचे काम. त्यात घाई चालत नाही.

हँडलचे दुखणे मात्र वेगळे. त्या काळातल्या पुष्कळ मोटारींची हँडले जस्ताच्या मिश्रधातूत ओतून वर क्रोम चढवलेली असत. ती तुटली की साध्या वेल्डिंगने जोडली जात नाहीत, उष्णतेने वितळतात. मग नेहमीचा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीचे हँडल शोधणे.

सुट्या भागांची ही भटकंती देशाच्या धोरणातूनही आली. १९५३ साली सरकारने ठरवले, की नुसत्या गाड्या जोडणाऱ्या आणि इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसणाऱ्या कंपन्यांनी काम थांबवावे. १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स पुढच्याच वर्षी निघून गेली. तिच्या शेवरलेट गाड्या बाळगणाऱ्यांचा माल आटला, त्यांना चोरबाजार आणि लेथवाला यांचाच आधार राहिला. फियाटवाल्यांचे तसे झाले नाही. कारखाना कुर्ल्यात, सुट्या भागांची दुकाने ऑपेरा हाउसला आणि पुण्यात नाना पेठेत, जुना माल पुन्हा कुर्ल्याच्याच भंगार बाजारात. मराठवाड्यातला मालकही एका एसटीच्या प्रवासात हँडल घेऊन परतू शकत असे.

या साखळीला खरे बळ दिले ते मुंबईच्या टॅक्सीने. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने निघालेली फियाट काळ्या-पिवळ्या रंगात इतकी धावली, की तिचे सुटे भाग विकणे हा कायमचा धंदा झाला. तोवर दारेही सरळ उघडू लागली होती. टॅक्सीचे दार दिवसात किती वेळा आपटले जाते याचा विचार केला, तर कुलपांची मागणी लक्षात येते. शिवाय मोडीत निघणारी प्रत्येक टॅक्सी चार दारे, चार कॅच बाजारात आणून टाकत होती. घरगुती फियाटा त्या मोडीवर जगल्या, आणि याबद्दल टॅक्सीवाल्यांचे ऋण कुणी फारसे मानलेले दिसत नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावर उरली नाही, आणि सुट्या दारांचा तो ओघही थांबला.

दरम्यान २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. त्यामुळे डुक्कर फियाटच्या मालकाला आता कुठलेतरी बसणारे हँडल नको असते, त्याच साच्यातले हवे असते. तुटलेला तुकडा तो फडक्यात बांधून ओतकाम करणाऱ्याकडे नेतो. तिथे मातीत त्याचा ठसा घेतला जातो, पितळ ओतले जाते, कानशीने कडा घासल्या जातात. मग क्रोम चढवायला द्यायचे, आणि घरी येऊन दाराला लावून बघायचे.